आधी वाक्य, मग आलेख

शिकागोच्या उत्तर भागातून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या डेव्हन ॲव्हेन्यूवर रस्त्याच्या मूळ नावासोबत मानाच्या नावांच्या तपकिरी पाट्या लावलेल्या आहेत. एका टप्प्यावर गांधी मार्ग, दुसऱ्यावर महंमद अली जिना वे, कुठे शेख मुजीब वे, आणखी पश्चिमेला गोल्डा मायर बुलेव्हार्ड. एकाच रस्त्यावर ही नावे शेजारी नांदतात, कारण इथली वस्ती थरावर थर चढत गेली. विसाव्या शतकाच्या मध्याला हा ज्यू कुटुंबांचा बाजार होता. अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा १९६५ मध्ये बदलला, भारतीय येऊ लागले आणि सत्तरच्या दशकात साड्या, मसाले, दागिने यांची दुकाने उघडली. मफत आणि तुलसी पटेल या भावांनी १९७४ मध्ये इथेच किराणा दुकान काढले. आज ‘पटेल ब्रदर्स’ची अमेरिकेत पन्नासहून अधिक दुकाने आहेत. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ चे, आणि उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना एकत्र बांधणारे बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१ मध्ये याच शहरात स्थापन झाले.

या रस्त्याची आणि त्याभोवतीच्या माणसांची गोष्ट मंडळाच्या सभागृहात पंधरा मिनिटांत, पाच-सहा स्लाइडींत सांगायची आहे अशी कल्पना करू. आकडे हाताशी आहेत. संगणकावर आलेखाचे बटण दाबले की प्रकारांची जत्राच उघडते: उभे स्तंभ, आडवे स्तंभ, रेषा, वर्तुळ, मधे भोक असलेले वर्तुळ, त्रिमितीतले मनोरे. बहुतेक जण त्या जत्रेतून डोळ्यांना बरे दिसेल ते उचलतात आणि वर मथळा देतात, ‘भारतीयांची लोकसंख्या, १९८०–२०२०’. या मथळ्यात विषय आहे, म्हणणे नाही. मला वाटते, चूक इथेच होते. आलेखाचा प्रकार आकड्यांवरून ठरत नाही. त्या आकड्यांविषयी जे वाक्य म्हणायचे आहे त्यावरून ठरतो. प्रत्येक प्रकार श्रोत्याच्या डोळ्याला एक ठरावीक तुलना करायला सांगतो: हे त्याहून मोठे का, हे चढते आहे का, हा पूर्णाचा केवढा हिस्सा, हे वाढले की ते वाढते का. कोणती तुलना करायची हे वक्त्याने आधी ठरवले नसेल, तर श्रोता आपल्या मनाने भलतीच तुलना करून घरी जातो.

हे तपासायला पाच आकडे पुरतात. अमेरिकेच्या जनगणनेत ‘एशियन इंडियन’ हा स्वतंत्र रकाना १९८० मध्ये आला. त्याआधी, १९७० च्या गणनेत, भारतातून आलेल्यांची नोंद गोऱ्यांत होत होती. १९८० मध्ये ही संख्या पावणेचार लाखांच्या आसपास होती. १९९० मध्ये ती ८,१५,४४७ झाली, २००० मध्ये १६,७८,७६५, २०१० मध्ये २८,४३,३९१ आणि २०२० मध्ये ४३,९७,७३७. (शेवटचे तीन आकडे फक्त हाच एक वंश नोंदवणाऱ्यांचे आहेत, आणि ती अट तिन्ही वर्षांना सारखीच लावायला हवी.) हे पाच ठिपके रेषेने जोडले की रेषा दर दशकाला अधिक उभी होत जाते. भर पाहा: नव्वदच्या दशकात ८.६ लाख, पुढच्या दशकात ११.६ लाख, त्यापुढच्यात १५.५ लाख. वाक्य तयार झाले: ‘आपण पूर्वी कधी नव्हे इतक्या वेगाने वाढतो आहोत.’ आता त्याच आकड्यांतून दर दशकाच्या वाढीची टक्केवारी काढू. ऐंशीच्या दशकात संख्या दुपटीहून जास्त झाली, नव्वदच्या दशकात वाढ १०६ टक्के, नंतर ६९, आणि शेवटच्या दशकात ५५. चार स्तंभ, प्रत्येक आधीच्याहून बुटका. वाक्य उलटे: ‘आपल्या वाढीचा दर मंदावतो आहे.’ दोन्ही वाक्ये खरी आहेत. डेव्हनवर नवे दुकान काढणाऱ्याला पहिले वाक्य हवे, कारण त्याला माणसे मोजायची आहेत. एखादा समाज किती तरुण, किती नवखा आणि किती मुरलेला आहे हे सांगणाऱ्याला दुसरे हवे. आकडे दोघांना तेच मिळतात, म्हणून ‘या आकड्यांसाठी कोणता आलेख योग्य’ या प्रश्नाला उत्तरच नाही.

यावर जाणकार म्हणतील की दोन्ही गोष्टी एकाच चित्रात दाखवता येतात: रेषालेखाचा उभा अक्ष लॉग प्रमाणात घ्या, म्हणजे सारख्या टक्क्यांची वाढ सारख्या चढाची दिसेल आणि मंदावणारी वाढ आडवी होत जाईल. गणिताने हे चोख आहे. पण २०२० मध्ये कोविडच्या आलेखांनी जगभरच्या वाचकांची जी अनपेक्षित परीक्षा घेतली, तीत असे दिसले की लॉग प्रमाणावरची रेषा अनेकांना नीट वाचता येत नाही; आडवी होत चाललेली रेषा पाहून त्यांना साथ आटोक्यात आली असे वाटते. शोधनिबंध वाचणाऱ्याला थांबून अक्ष तपासता येतो. सभागृहात स्लाइड वक्त्याच्या हातात असते, ती पुढे सरकली की सरकली. म्हणून चार बुटके होत जाणारे स्तंभ मी लॉगपेक्षा पसंत करीन. तुलना तीच, पण ती श्रोत्याला शिकावी लागत नाही.

आलेख वाक्यातून जन्मतो याचा सर्वांत जुना पुरावा स्तंभालेखाच्या जन्मातच आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराचा आलेखसंग्रह छापला. त्यातले जवळजवळ सगळे आलेख काळाच्या रेषा आहेत: आयात कशी चढली, निर्यात कशी उतरली. स्कॉटलंडपाशी तो अडला, कारण त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते. काळ नाही म्हणजे रेषा नाही. पण सतरा ठिकाणांशी चाललेला व्यापार होता, म्हणून त्याने ठिकाणे एकाखाली एक लिहून प्रत्येकासमोर आयात-निर्यातीच्या पट्ट्या काढल्या. प्रश्न ‘कसे बदलले’ वरून ‘कोणाशी किती’ वर सरकला आणि आकार आपोआप बदलला. प्लेफेअरला स्वतःला ती आकृती काळाच्या आलेखांपेक्षा उणी वाटत होती. आज शाळेतली मुले आधी स्तंभालेखच शिकतात. वर्तुळात हिस्से पाडून दाखवण्याची रीतही त्याचीच, १८०१ च्या पुस्तकातली.

त्या वर्तुळाशी, म्हणजे पाठ्यपुस्तकांतल्या वृत्तालेखाशी, जरा सविस्तर बोलायला हवे, कारण स्लाइडींवर त्याचा वापर अतोनात होतो. बेल लॅबोरेटरीजमधले संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. माणसाचा डोळा आलेखातून परिमाण किती अचूक काढतो हे त्यांनी लोकांना आकृत्या दाखवून मोजले. एकाच मोजपट्टीवरची जागा डोळा सर्वांत नेमकी वाचतो, त्याखाली लांबी, कोन त्याहून कच्चा, क्षेत्रफळ, घनफळ आणि रंगाची गडद-फिकट छटा आणखी खाली. स्तंभालेखात आपण एका पायावर उभ्या टोकांची उंची वाचतो, ठिपक्यांच्या आलेखात जागा. वृत्तालेखात मात्र कोन आणि फाकीचे क्षेत्रफळ वाचावे लागते.

मराठीचेच उदाहरण घेऊ. मराठी भाषा गौरव दिनाला, २७ फेब्रुवारीला, मंडळांच्या कार्यक्रमांत शोभेल असे ते आहे. भारताच्या २०११ च्या जनगणनेत मातृभाषा मराठी सांगणारे ८,३०,२६,६८० होते आणि तेलुगू सांगणारे ८,११,२७,७४०. एकूण लोकसंख्येत मराठीचा हिस्सा ६.८६ टक्के, तेलुगूचा ६.७०. वृत्तालेखात मराठीची फाक सुमारे २४.७ अंशांची होईल, तेलुगूची २४.१. फरक अर्ध्या अंशाहून किंचित जास्त, म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा पाच-सहा सेकंदांत सरकतो तेवढा. मधल्या रांगेत बसलेल्या कोणालाही तो दिसणार नाही. आडव्या स्तंभांत भाषा उतरत्या क्रमाने लावल्या तर निदान क्रम लपत नाही: हिंदी, बंगाली, मराठी, तेलुगू, तमिळ. तरीही ५२ कोटींच्या हिंदीशेजारी आठ कोटींचे दोन स्तंभ जवळजवळ सारखेच भासतील. मराठी आणि तेलुगूविषयीच बोलायचे असेल तर हिंदीला त्या स्लाइडवर आणण्याचे कारण नाही, हे वाक्य आधी लिहिले असते तर लगेच सुचले असते.

खरी बातमी एका जनगणनेत नाहीच. २००१ मध्ये तेलुगू ७,४०,०२,८५६ होती आणि मराठी ७,१९,३६,८९४. म्हणजे त्या वर्षी तेलुगू तिसरी आणि मराठी चौथी. दहा वर्षांत क्रम उलटला. दोन वर्षांचे दोन वृत्तालेख शेजारी ठेवले तर हे कुणाच्या बापाला कळणार नाही. त्याऐवजी डावीकडे २००१, उजवीकडे २०११ आणि मधे फक्त दोन रेषा काढा: त्या एकमेकींना छेदतात. तो छेद म्हणजेच बातमी. पण इथे थांबून अभिमानाने टाळी घेतली तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. एकूण लोकसंख्येतला मराठीचा हिस्सा याच दशकात ६.९९ टक्क्यांवरून ६.८६ वर आला. तेलुगूचा त्याहून जास्त घसरला, ७.१९ वरून ६.७० वर, म्हणून मराठी पुढे गेली. बोलणारे वाढले, क्रमांक वर गेला, हिस्सा कमी झाला. तीन वाक्ये, तीन वेगळे आलेख. तिन्ही एका चित्रात कोंबायचा मोह आवरायला हवा. तीन स्लाइडी लागल्या तर लागू देत. स्लाइडला कागदाचा खर्च नसतो.

वृत्तालेखाची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे मात्र उडवून लावता येत नाही. वॉल्टर क्रॉस्बी ईल्स यांनी १९२६ मध्येच प्रयोग करून दाखवले होते की पूर्णातला हिस्सा ओळखायला सांगितला तर लोक वर्तुळ बरेच नीट वाचतात, निदान विभाजित स्तंभालेखापेक्षा कमी नाही. इयन स्पेन्स आणि स्टीफन लेवांडोव्स्की यांच्या १९९१ च्या प्रयोगांतही असेच निघाले की दोन-तीन फाका मिळून पूर्णाचा किती भाग होतो, अशा प्रश्नांना वर्तुळ चांगले उत्तर देते. कारण सरळ आहे: पाव आणि अर्धे यांच्या खुणा वर्तुळात जन्मजात असतात, पोळीचा चतकोर ओळखायला कोणाला शिकवावे लागत नाही. या निष्कर्षांनी माझे म्हणणे पक्केच होते. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी ‘कोण मोठे’ हा प्रश्न विचारला, ईल्सने ‘पूर्णाचा केवढा’ हा. प्रश्न बदलला, निकाल बदलला. ‘सभासदांपैकी निम्म्याहून अधिक आता उपनगरांत राहतात’ या वाक्याला दोन फाकांचे वर्तुळ अगदी योग्य. सात उपनगरांची आपसांत तुलना करायची तर ते निरुपयोगी. आणि तेच वर्तुळ तिरके करून त्रिमितीत मांडले, तर पुढची फाक तिच्या कडेच्या जाडीमुळे मोठी दिसते; त्या प्रकाराचे समर्थन करणारा एकही प्रश्न मला आढळलेला नाही.

स्तंभांचीही एक अट आहे, आणि ती डेव्हनच्या परिसरावरूनच समजून घेता येते. शिकागोची लोकसंख्या २०१० मध्ये २६,९५,५९८ होती, २०२० मध्ये २७,४६,३८८. वाढ दोन टक्क्यांहूनही कमी. उभा अक्ष शून्याऐवजी साडेसव्वीस लाखांपासून सुरू केला तर पहिला स्तंभ सुमारे ४६ हजारांच्या उंचीचा दिसतो आणि दुसरा ९६ हजारांच्या. शहर दुप्पट झाले असे डोळा सांगतो, अक्षावरचे बारीक आकडे काहीही सांगोत. स्तंभात आपण लांबी वाचतो, आणि बुंधा कापलेली लांबी खोटी असते. रेषालेखात आपण चढ-उतार वाचतो, म्हणून तिथे शून्य सक्तीचे नाही. तापाच्या रुग्णाचा तक्ता शून्य अंशापासून काढला तर ताप कधी आला ते दिसणारच नाही. डेव्हन ज्या वेस्ट रिज भागातून जातो, तिथली लोकसंख्या १९९० मध्ये ६५,३७४, २००० मध्ये ७३,१९९, २०१० मध्ये ७१,९४२ आणि २०२० मध्ये ७७,१२२ होती. इथे एक चढ, एक लहानसा उतार आणि पुन्हा चढ आहे; तो रेषेने दाखवावा आणि अक्ष साठ हजारांपासून सुरू केला तरी हरकत नाही. मात्र तो कुठून सुरू होतो हे वक्त्याने तोंडाने सांगावे.

पण ही रेषा डेव्हनविषयी नेमके काय सांगते? ‘डेव्हन ओस पडते आहे, आपली माणसे नेपरव्हिल, शॉमबर्ग, अरोराकडे गेली’ हे वाक्य शिकागोच्या भारतीयांत ऐकू येते. देवळांच्या जागा त्याला दुजोरा देतात: लेमाँटचे राममंदिर, अरोराचे बालाजी, बार्टलेटचे स्वामीनारायण मंदिर, सगळी शहराबाहेर. वेस्ट रिजची वाढती रेषा दाखवून हे म्हणणे खोडता येईल का? नाही. ती रेषा या भागात राहणाऱ्या सगळ्यांची आहे. त्यांत भारतीय आहेत, पाकिस्तानी आणि बांगलादेशी आहेत, सनातनी ज्यू आहेत, असिरियन आहेत, आणि अलीकडे आलेले रोहिंग्या आहेत, ज्यांचे सांस्कृतिक केंद्र २०१६ पासून डेव्हनवरच आहे. ‘किती राहतात’ याचा आकडा ‘कोण राहतात’ याचे उत्तर देत नाही, आणि ‘कोण खरेदीला येतात’ याचे तर मुळीच नाही. वाक्य आधी लिहिण्याचा हा सर्वांत मोलाचा फायदा मला वाटतो: हाताशी असलेला आकडा त्या वाक्याचा आहे की नाही, हे आलेख काढण्याआधीच उघड होते. आलेख आधी काढला की तो इतका नीटनेटका दिसतो की हा प्रश्न विचारायचे भानच राहत नाही.

स्थलांतरितांची वस्ती चित्रात कशी उतरवावी याचा वस्तुपाठ शिकागोतच घडला आहे. हॉलस्टेड रस्त्यावरच्या हल-हाउस या सेवासंस्थेतल्या स्त्रियांनी १८९५ मध्ये नकाशे आणि लेखांचे एक पुस्तक काढले. १८९३ मध्ये फ्लॉरेन्स केली यांच्या देखरेखीखाली सरकारी पाहणीसाठी घरोघरी जाऊन माहिती गोळा झाली होती, आणि ॲग्नेस सिंक्लेअर हॉलब्रुक यांनी नकाशांवर टिपण लिहिले. आदर्श लंडनच्या दारिद्र्याचे नकाशे काढणाऱ्या चार्ल्स बूथचा होता. एका नकाशावर कोणत्या देशाची माणसे कुठे राहतात ते रंगांनी दाखवले, दुसऱ्यावर कुटुंबांची आठवड्याची कमाई. जेमतेम एक तृतीयांश चौरस मैलाच्या त्या तुकड्यात अठरा राष्ट्रीयत्वे निघाली. त्यांनी अठरा स्तंभांचा आलेख का काढला नाही? कारण त्यांचे वाक्य ‘इटालियन किती, बोहेमियन किती’ हे नव्हते. दारिद्र्य कोणत्या गल्लीत, कोणत्या आवारात आहे आणि तिथे कोण राहतात, हे त्यांना दाखवायचे होते. जागा हीच त्यांच्या प्रश्नाची मुख्य गोष्ट होती, म्हणून नकाशा. दोन नकाशे शेजारी ठेवून डोळा एकावरून दुसऱ्यावर नेता येतो, आणि त्यांच्या पुस्तकाची सारी ताकद त्या ये-जा करण्यात आहे. जिथे जागेला महत्त्व नाही तिथे नकाशा मात्र फसवतो, कारण मोठे क्षेत्र मोठ्या संख्येसारखे भासते. अमेरिकेच्या निवडणुकीच्या नकाशांवर विरळ वस्तीची विस्तीर्ण राज्ये अशीच डोळ्यात भरतात.

डेव्हनच्या स्लाइडसाठीही मी नकाशाच्याच जातीचे चित्र सुचवीन, पण अगदी साधे. शिकागोतले घरक्रमांक मुळातच मोजपट्टी आहेत: आठशे क्रमांकांचा एक मैल. डेव्हन ६४०० उत्तर, म्हणजे शून्यरेषा असलेल्या मॅडिसन रस्त्यापासून आठ मैल. डेव्हनवर चालताना वेस्टर्न ॲव्हेन्यू २४०० ला लागतो, कॅलिफोर्निया २८०० ला, केडझी ३२०० ला. प्रत्येक टप्पा अर्ध्या मैलाचा. तेव्हा आडव्या अक्षावर घरक्रमांक घ्यावेत, त्यावर मानाच्या नावांचे टप्पे पट्ट्यांनी दाखवावेत आणि दुकाने, प्रार्थनास्थळे, केंद्रे ठिपक्यांनी. हा रस्ता स्वतःच अक्ष होतो. डोळा जे सर्वांत अचूक वाचतो, एकाच मोजपट्टीवरची जागा, तेच इथे त्याच्यापुढे येते. आणि जो श्रोता वीस वर्षे त्या रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधतो आहे, त्याला या चित्रातल्या खुणा समजावून सांगाव्या लागणार नाहीत.

वाक्य आधी, या भूमिकेवर सर्वांत गंभीर आक्षेप प्रामाणिकपणाचा आहे. निष्कर्ष आधी ठरवायचा आणि मग त्याला शोभेल असा आलेख निवडायचा, ही तर जाहिरातदाराची रीत झाली. शास्त्राने आकड्यांना बोलू द्यावे, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देणारे उदाहरण दुःखद आहे. चॅलेंजर हे अवकाशयान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर सुमारे ७३ सेकंदांत फुटले आणि सातही जण गेले. रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी थंडीत ताठरली होती. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी इतक्या थंडीत उड्डाण नको असे कळवले, तेव्हा वादात एक मुद्दा असा होता की कड्यांचे नुकसान उष्ण दिवशीही झालेले आहे. चौकशी आयोगाने नंतर दोन ठिपक्यांचे आलेख छापले. पहिल्यात फक्त नुकसान झालेली उड्डाणे होती, तापमानानुसार; त्यात काही संगती दिसत नाही. दुसऱ्यात नुकसान न झालेली उड्डाणेही घातली, आणि चित्र उजळले: कडीचे तापमान ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असलेल्या वीस उड्डाणांपैकी तीन उड्डाणांत नुकसान, ६३ किंवा त्याहून कमी असलेल्या चारही उड्डाणांत.

वाक्य काय होते? ‘थंडी वाढली की नुकसान वाढते.’ दोन गोष्टी एकमेकींबरोबर बदलतात का हा प्रश्न, म्हणून ठिपके, एका अक्षावर तापमान, दुसऱ्यावर नुकसान. पण या वाक्याला आव्हान देणारे पुरावे, म्हणजे सुखरूप गेलेली उड्डाणे, त्याच चित्रात आवश्यक आहेत. आलेखांचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी अभियंत्यांनी त्या रात्री मांडलेल्या तक्त्यांच्या दोषावर पुढे कठोर टीका केली. त्या रात्री इशारा देणाऱ्या अभियंत्यांपैकी रॉजर बॉइस्जोली यांनी सहलेखकांबरोबर त्या टीकेला उत्तर दिले की टफ्टी गृहीत धरतात ती सगळी माहिती अभियंत्यांच्या हाती नव्हती, आणि इशारा तर त्यांनी दिलाच होता. तो डावलला गेला. मला त्यांचे म्हणणे पटते. आलेखाच्या माथी सारा दोष मारणे अन्यायाचे आहे. तरी एवढे उरते: वाक्य स्पष्ट लिहिले की ते कशाने खोटे ठरेल हेही स्पष्ट होते, आणि तो पुरावा चित्रात घेतला आहे की नाही हे सभेतला कोणीही विचारू शकतो. ‘नुकसानीचा तपशील’ अशा मथळ्याला असा प्रश्न विचारताच येत नाही. मोघम मथळ्याने प्रामाणिकपणा राखला जातो, ही समजूत म्हणूनच मला मान्य नाही. पक्षपात मोघम मथळ्याखालीही असतोच, फक्त त्याला पकडायला जागा नसते.

आता यंत्र आहेच, असेही म्हटले जाते. एक्सेल २०१३ च्या आवृत्तीपासून स्वतःच आलेख सुचवतो, आणि हल्लीची साधने तर मजकूर दिला की पूर्ण स्लाइड बनवून देतात. ती साधने रकाने पाहतात: एकात वर्षे दिसली की रेषा, नावे दिसली की स्तंभ. पुष्कळदा ते बरोबरही निघते. पण भाषांच्या आकड्यांत संख्या, क्रम आणि हिस्सा या तिन्हींपैकी कशाविषयी बोलायचे आहे, हे रकान्यात लिहिलेले नसते.

आता डेव्हन ओस पडते आहे का या वाक्याकडे पुन्हा येऊ, कारण त्याला अजून आलेख मिळालेला नाही. ते तपासायचे तर ग्राहक कुठून येतात हे हवे. दुकानाच्या गल्ल्यावर महिनाभर प्रत्येक ग्राहकाचा झिपकोड विचारून लिहून ठेवला, तर प्रत्येकाचे अंतर मैलांत काढता येईल. मग पाठ्यपुस्तकात आयतालेख म्हणतात तो लागेल: आडव्या अक्षावर अंतराचे गट, ० ते ५ मैल, ५ ते १०, १० ते १५, असे चाळिसापर्यंत, वर प्रत्येक गटातले ग्राहक. स्तंभ एकमेकांना चिकटलेले, कारण अंतरात खंड नसतो. सगळे आयत शून्यापाशी दाटले तर डेव्हन ही आता शेजाऱ्यांची बाजारपेठ आहे. तीस मैलांपाशी, म्हणजे नेपरव्हिल आणि अरोराच्या पट्ट्यात, दुसरा उंचवटा निघाला तर गेलेली माणसे परत येतात. आणि तीच नोंद शनिवार-रविवारची वेगळी, आठवड्याच्या दिवसांची वेगळी, गणपती-दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्याची वेगळी काढली, तर एकाखाली एक, एकाच मोजपट्टीचे तीन आयतालेख लागतील. ती वही अजून कोणीतरी भरायची आहे.